पहिल्या महिन्यात क्वार्टरबॅकचे पाय बघा, आकडे नंतर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नेपरव्हिलला राहता आणि घरात सगळे शिकागो बेअर्सचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या टीमचे चाहते. सप्टेंबर २०२४ मध्ये बेअर्सचा नवा क्वार्टरबॅक (पास कुणाला टाकायचा ते ठरवून टाकणारा खेळाडू) केलेब विल्यम्स याचे पहिले तीन सामने झाल्यावर तुमचे मेहुणे म्हणाले, "हा काही चालायचा नाही, बॉल हातात धरून बसतो." तुमचा मुलगा म्हणाला, "समोरची लाइन म्हणजे चाळणी आहे, तो एकटा काय करणार?" लाइन म्हणजे क्वार्टरबॅकसमोर उभं राहून त्याला वाचवणारे खेळाडू. आता २०२५ चा सीझन होऊन गेल्यावर दोघंही म्हणतायत की आपलंच बरोबर होतं. तुम्हाला हवंय ते एवढंच: नवा क्वार्टरबॅक अडखळताना दिसतो तेव्हा त्यातलं नवखेपणाचं किती आणि खरं दुखणं किती, हे पहिल्या महिन्यात ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. पण टीव्हीच्या खालच्या पट्टीवर जे आकडे सरकत असतात, त्यांतून नाही. मी गेली सोळा वर्षं इलिनॉयमधल्या एका हायस्कूलच्या टीममध्ये क्वार्टरबॅकना शिकवतो. आमची पोरं पंधरा ते अठरा वयाची, आणि एनएफएलशी आमची काही बरोबरी नाही. तरी पाय तेच, डोळे तेच आणि घाबरणंही तेच. त्यामुळे जे सांगतो ते मैदानावर उभं राहून बघितलेलं आहे.

आधी ते तीन सामने. ८ सप्टेंबरला सोल्जर फील्डवर टेनेसी टायटन्सविरुद्ध विल्यम्सने २९ पैकी १४ पास पूर्ण केले आणि मिळाले फक्त ९३ यार्ड. बेअर्स २४-१७ जिंकले, पण त्यांच्या ऑफेन्सने, म्हणजे बॉल घेऊन चढाई करणाऱ्या फळीने, एकही टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणं) केला नव्हता. एक टचडाउन अडवलेल्या पंटवर (पायाने लांब मारलेल्या बॉलवर) आला, दुसरा डिफेन्सने पकडलेल्या पासवर. पुढच्या रविवारी ह्यूस्टनमध्ये त्याला सात वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आत पाडलं, आणि दोन इंटरसेप्शन झाली, म्हणजे त्याचे पास समोरच्यांनी पकडले. तिसऱ्या सामन्यात इंडियानापोलिसला ५२ पास, ३६३ यार्ड, दोन टचडाउन, पुन्हा दोन इंटरसेप्शन आणि पुन्हा हार. त्या आठवड्यात शिकागोत भांडणं झाली नसती तरच नवल. या शहराचं दुधाने तोंड पोळलेलं आहे. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) बेअर्सनी दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं, तेव्हा पुढे फार मोठा क्वार्टरबॅक झालेला पॅट्रिक माहोम्स अजून शिल्लक होता. २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्सच्या पहिल्याच स्टार्टला क्लीव्हलँडने त्याला नऊ वेळा पाडलं आणि पाडापाडीत गेलेले यार्ड वजा केल्यावर टीमच्या पासिंगच्या खात्यात सबंध सामन्यात एक यार्ड उरला. ज्यांनी हे बघितलंय, ते ताक फुंकून पिणारच. तुमच्या मेहुण्यांचा राग मला पूर्ण समजतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग इंडियानापोलिस कोल्ट्सकडून पहिलं वर्ष खेळला. त्याने ५७५ पास टाकले आणि त्यातले २८ समोरच्यांनी पकडले. रूकीसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी, हा आजही विक्रम आहे. टीम ३ सामने जिंकली, १३ हरली. पण त्या अख्ख्या वर्षात तो सॅक झाला फक्त २२ वेळा. विल्यम्सने २०२४ मध्ये साधारण तेवढेच, ५६२ पास टाकले. त्याची इंटरसेप्शन फक्त सहा, आणि सॅक ६८. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. एकच वय, एकच काम, दोघंही ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेले, आणि दोघांचं चुकणं मात्र अगदी उलट. मॅनिंग वेळेवर टाकत होता, पण चुकीच्या जागी. विल्यम्स चुकीच्या जागी टाकत नव्हता, कारण तो वेळेवर टाकतच नव्हता.

पहिल्या वर्षी यातली कुठली चूक परवडते, हे मला विचाराल तर मी बिनदिक्कत मॅनिंगची म्हणेन. वेळेवर पण चुकीचा टाकलेला पास म्हणजे पोराने काहीतरी वाचलं, ठरवलं आणि सोडलं. वाचण्यात चूक झाली. सोमवारी फिल्म लावली की त्याला दाखवता येतं: "हा सेफ्टी बघ, स्नॅपच्या आधी इथे होता, नंतर इकडे सरकला, तो तू बघितलाच नाहीस." (सेफ्टी म्हणजे डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा असणारा, आणि स्नॅप म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होणं.) पुढच्या वेळी तो बघतो. मॅनिंगच्या टीमने पुढच्याच वर्षी १३-३ केलं. पण बॉल हातात धरून ठेवणाऱ्या पोराच्या डोक्यात नेमकं काय चाललंय ते फिल्मवर दिसत नाही. त्याला दिसलं नाही, की दिसलं पण विश्वास बसला नाही, की याहून मोठं काहीतरी मिळेल म्हणून तो थांबला? तीन वेगळी दुखणी, आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

म्हणून कमी इंटरसेप्शन बघून मी लगेच खूश होत नाही. विल्यम्सने त्या वर्षी सलग साडेतीनशेच्या वर पास एकही इंटरसेप्शन न होऊ देता टाकले. रूकीसाठी तोही विक्रम, आणि त्याच काळात टीम सलग दहा सामने हरली. बॉल जपणं चांगलंच, पण जपण्यासाठी तो सोडायचाच टाळला तर त्याची किंमत बरगड्यांना मोजावी लागते.

याचा अर्थ भरपूर इंटरसेप्शन करणारा प्रत्येक जण मॅनिंग होतो असं अजिबात नाही. मॅनिंगच्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या रायन लीफची पहिल्या वर्षी दोन टचडाउन आणि १५ इंटरसेप्शन होती. कॅन्सस सिटीविरुद्धच्या एका सामन्यात १५ पैकी एकच पास पूर्ण, चार यार्ड. म्हणून आकड्याच्या मागे जाऊन पाय बघावे लागतात.

क्वार्टरबॅकचे पाय म्हणजे त्याचं घड्याळ असतं. शॉटगनमध्ये, म्हणजे लाइनपासून काही पावलं मागे उभं राहून, स्नॅप घेतल्यावर उजव्या हाताने टाकणारा मागे तीन पावलं टाकतो: उजवं, डावं, उजवं. ते शेवटचं उजवं पाऊल जमिनीत रुतलं की पहिल्या रिसीव्हरचा (पास पकडणाऱ्याचा) निर्णय व्हायला हवा. तो मोकळा नसेल तर पुढे छोटी उडी, ज्याला आम्ही हिच म्हणतो, आणि नजर दुसऱ्यावर. पुन्हा एक हिच, तिसऱ्यावर. मग जवळ उभ्या असलेल्या रनिंग बॅककडे (बॉल घेऊन धावणाऱ्याकडे) चार यार्डांचा पास टाकून मोकळं व्हायचं. प्रत्येक पावलाला एक नजर बांधलेली असते. ज्याला समोरचं कळतंय त्याचे पाय शांत आणि छोटे पडतात. ज्याला कळत नाही तो मागे मागे सरकतो, किंवा जागच्या जागी तुरुतुरु नाचतो, किंवा पहिली नजर चुकली की लगेच बाहेर पळतो. बॅट्समन स्पिनरसमोर पुढे जायचं की मागे, हे न ठरवता क्रीजमध्येच अडकतो तेव्हा त्याचे पाय जसे दिसतात, तसंच.

मी फिल्म बघताना एक साधी गोष्ट करतो. प्रत्येक प्ले पहिल्यांदा बघताना स्क्रीनच्या वरच्या भागावर वही आडवी धरतो, म्हणजे फक्त कमरेखालचं दिसतं. पास गेला कुठे, पकडला की नाही, काही कळत नाही. पाय ठीक आहेत की नाहीत एवढंच लिहितो. मग वही काढून डोळे बघतो. बॉल शेवटी. आमच्या पोरांनाही शनिवारी सकाळी असंच बसवतो, आणि टचडाउन झालेल्या प्लेमध्ये आपले पाय किती वाईट होते हे बघून ती चक्रावतात.

आता नव्या पोराचे पाय का बिघडतात? कॉलेजमधून एनएफएलमध्ये येताना नुसता वेग वाढतो असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. मैदानावरच्या हॅश मार्क नावाच्या खुणा घ्या, ज्यांच्या आत प्रत्येक प्लेची सुरुवात होते. कॉलेजमध्ये त्या दोन ओळींत ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल बऱ्याचदा एका बाजूला असतो, एक अंगण मोठं आणि एक छोटं पडतं, आणि डिफेन्सला त्याप्रमाणे उभं राहावंच लागतं. त्यांचा बेत निम्मा तिथेच उघडा पडतो. एनएफएलमध्ये बॉल कायम मधोमध, त्यामुळे डिफेन्सला दोन्हीकडे सोंग आणता येतं. स्नॅपच्या आधी दोन सेफ्टी मागे दिसतात, स्नॅप होताच एक खाली धावत येतो, आणि जी जागा मोकळी म्हणून पोराने मनात धरली होती तिथे माणूस उभा असतो. हे एकदा झालं की चूक होते. चारदा झालं की पोरगा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडतो आणि रिसीव्हर मोकळा झालेला दिसेपर्यंत थांबतो. मोकळा झालेला दिसल्यावर टाकलेला पास या लेव्हलला उशिराचा असतो. मोकळा होणार म्हणून टाकावा लागतो.

त्यात भर हेल्मेटमधल्या रेडिओची. प्लेचं लांबलचक नाव कोच कानात सांगतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) दहा जणांना सांगणं, फॉर्मेशन लागलं का बघणं, समोरचा मधला लाइनबॅकर दाखवून लाइनने कुणाला अडवायचं ते ठरवणं, ब्लिट्झचा, म्हणजे जास्त माणसं अंगावर धावून येण्याचा, वास आला तर बदलणं, सगळं त्याच्या एकट्यावर. अनेक कॉलेजांत हे काम साइडलाइनवरून कोच करायचा, पोरगा मान वळवून पाटी बघायचा. बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एवढी गर्दी असताना पाय शांत राहणं ही सोपी गोष्ट नाही.

तुमच्या मुलाची बाजू इथे येते. लाइन वाईट असेल तर चांगले पायही बिघडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा होता, फार समजूतदार. सीझनच्या तिसऱ्या सामन्यात त्याला डावीकडून, पाठीमागून असा फटका बसला की श्वास परत यायला मिनिट लागलं. दुखापत काही नव्हती. पण पुढच्या आठवड्यापासून तिसरं पाऊल पडायच्या आत त्याचा डावा पाय आपोआप बाहेर उघडायचा. दार अर्धवट उघडून ठेवावं तसा, पळायच्या तयारीत. आणि नजर मैदानावरून उतरून समोर येणाऱ्या पोरांच्या छातीवर यायची. त्याला विचारलं तर म्हणायचा, "नाही कोच, मी वरच बघतोय." खोटं बोलत नव्हता, त्याला ते कळतच नव्हतं. मग आम्ही रोज वीस मिनिटं एकच करायचो. दोन पोरं हातात मऊ पॅड घेऊन त्याला दोन्ही बाजूंनी ढोसायची, मी वीस यार्डांवर उभा राहून बोटं दाखवायचो, आणि ढोसणं चालू असताना किती बोटं ते त्याने ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी दहात तीन बरोबर आली. पाय जागेवर यायला जवळजवळ दीड महिना गेला, आणि तेवढ्यात आमचा सीझन संपत आला होता. एका फटक्याची ही गोष्ट. एनएफएलमध्ये असे साठ-सत्तर बसतात.

डेव्हिड कारचं उदाहरण म्हणूनच मला बोचतं. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही नवीकोरी टीम होती आणि त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षी तो ७६ वेळा सॅक झाला. एका सीझनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. ह्यूस्टनमधल्या पाच वर्षांत एकूण २४९. हात उत्तम होता त्याचा. पण नंतरची फिल्म बघितली की मला माझ्या त्या मुलाचा उघडलेला डावा पाय आठवतो. कार चांगला झाला असता का, हा वाद मी घालणार नाही. मात्र त्याला चांगलं होऊन दाखवायची जागाच कुणी दिली नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

विल्यम्सच्या बाबतीत २०२४ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. लाइन कच्ची होती यात शंका नाही. पण ६८ पैकी सगळे सॅक लाइनच्या माथी मारणं चूक आहे. कॉलेजमध्ये तो पॉकेटमधून (लाइनने राखलेल्या जागेतून) निसटून, गोल फिरून, सगळं कोसळलेलं असताना मोठा प्ले काढायचा. त्यावरच २०२२ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. जी सवय तुम्हाला मोठं करते ती सोडवत नाही. साध्या चार यार्डांच्या पासवर त्याचं समाधान होत नव्हतं, आणि एनएफएलचे डिफेन्सिव्ह एंड मागून येऊन पकडायचे. मेहुण्यांनी हे तिसऱ्याच सामन्यात ओळखलं, तेवढं श्रेय त्यांना द्या.

पण 'चालायचा नाही' हा निष्कर्ष त्यातून निघत नव्हता. कारण पहिल्या महिन्यात मी दुसरी जी गोष्ट बघतो ती अशी की चूक जुनीच परत होतेय, की नवी होतेय. पहिल्या सामन्यात तो घाईत पास उंच-सखल टाकत होता. तिसऱ्यात ते सावरलं आणि प्रश्न लांबच्या पासचा उरला. ऑक्टोबरमध्ये कॅरोलायनाविरुद्ध ३०४ यार्ड आणि दोन टचडाउन, लंडनला जॅक्सनव्हिलविरुद्ध चार टचडाउन. चुका पुढे सरकत होत्या. पोरगा शिकत असतो तेव्हा असंच दिसतं.

मग सगळं कोसळलं, आणि ते बरंचसं त्याच्या भोवती कोसळलं. न्यू इंग्लंडने नऊ वेळा सॅक केल्यावर दोन दिवसांत ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन यांना काढलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये बेअर्स २०-२३ पिछाडीवर होते, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ होता आणि एक टाइमआउट शिल्लक होता. विल्यम्स सॅक झाला आणि घड्याळ पळत राहिलं. स्नॅप झाला तेव्हा सहा सेकंद उरले होते, लांब टाकलेला पास पडला आणि सामना तिथेच संपला. टाइमआउट तसाच राहिला. त्या रात्री अनेकांनी रूकीला दोष दिला. माझ्या मते अशा वेळी टाइमआउट मागणं हे साइडलाइनवर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लूस यांना काढलं. बेअर्सच्या इतिहासात चालू सीझनमध्ये मुख्य कोचला काढून टाकण्याची ती पहिलीच वेळ. एकाच सीझनमध्ये कोऑर्डिनेटरही बदलले आणि मुख्य कोचही. शाळेत एका वर्षात दोनदा गणिताचे सर बदलले तर पोरगं काय शिकेल?

२०२५ मध्ये डेट्रॉइटहून बेन जॉन्सन मुख्य कोच म्हणून आले. लाइनच्या मधल्या तिन्ही जागा बदलल्या: कॅन्सस सिटीचा जो थूनी, रॅम्सचा जोना जॅक्सन, अटलांटाचा ड्रू डालमन. विल्यम्सला शॉटगन सोडून सेंटरच्या, म्हणजे स्नॅप देणाऱ्याच्या, लगेच मागे जास्त उभं केलं. आधी रनिंग बॅकला बॉल दिल्यासारखं करायचं आणि मग ठरलेल्या वेळी पास. तिथे पाय बांधलेले असतात, नाचायला जागा नसते. सॅक ६८ वरून २४ वर आले. इंटरसेप्शन सात, टचडाउन २७, आणि ३,९४२ यार्ड हा बेअर्सच्या इतिहासातला एका सीझनचा सर्वाधिक आकडा. टीम ११ सामने जिंकली, ६ हरली, आणि आपल्या गटात (डिव्हिजनमध्ये) पहिली आली.

आणि यातला मला सगळ्यात आवडलेला आकडा कुठला सांगू? पूर्ण झालेल्या पासची टक्केवारी. ती २०२४ मध्ये साडेबासष्ट होती आणि २०२५ मध्ये उतरून ५८.१ झाली. चांगल्या वर्षात कमी! लांबचे पास वाढले हे एक कारण. आणि जे बॉल आधी हातात राहून सॅकमध्ये संपायचे, त्यातले बरेच आता वेळेवर बाहेर फेकले जातात आणि अपूर्ण पास म्हणून मोजले जातात. पट्टीवरचा आकडा घसरला आणि क्वार्टरबॅक सुधारला. सोपे पास अजूनही हुकतात त्याचे, आणि मेहुण्यांना बोलायला तेवढी जागा अजून आहे.

काही जण म्हणतात की पहिलं वर्ष बाकावर बसवावं. माहोम्स बसला, ॲरन रॉजर्स तीन वर्षं बसला. दुसरीकडे सी. जे. स्ट्राउड २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला आणि २३ टचडाउनला फक्त पाच इंटरसेप्शन. त्यामुळे या वादात मी फार पडत नाही. जॅरेड गॉफ २०१६ मध्ये पहिले सातही सामने हरला आणि पुढच्या वर्षी शॉन मॅक्वे कोच म्हणून आल्यावर त्याची २८ टचडाउन आणि सात इंटरसेप्शन झाली. मला बसवण्यापेक्षा कोण शिकवतंय आणि समोर कोण अडवतंय हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

मुलाला आवड आहे म्हणालात, म्हणून एक गोष्ट करून बघा. पुढे कुठलाही रूकी पहिल्यांदा खेळेल तेव्हा स्कोअर झाकून ठेवा. स्नॅप झाला की दोघांनी मोठ्याने मोजायचं: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. 'तीन' तोंडातून निघायच्या आत बॉल हातातून गेला तर कागदावर एक रेघ मारायची, मग तो पास पकडला गेला की पडला, की समोरच्याने पळवला, त्याचा विचार करायचा नाही. बॉल राहिला तर फुली, आणि शेजारी लिहायचं की तेव्हा पाय पुढे चालले होते की मागे. चार रविवारचे चार कागद एकाशेजारी एक ठेवा. फुल्या कमी होत असतील आणि टीम चारही सामने हरली असेल, तर मेहुण्यांना थांबायला सांगा. फुल्या तितक्याच असतील आणि पाय दर आठवड्याला जास्त मागे जात असतील, तर टीम जिंकत असली तरी काळजी करा, आणि आधी लाइनकडे बघा. ते कागद फोटो काढून मला पाठवलेत तर मी जरूर बघेन.